छप्पन सौ जी

पहिले यंत्र सुरू केले तेव्हा पंखे फिरले, दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. दुसऱ्याचाही तसाच. तिसऱ्याच्या वेळी सॅव्हियोने प्रोसेसरचे रिकामे खोके उचलून प्रथमच नीट वाचले. आकडा ५६०० होता; त्यापुढचे जी हे अक्षर नव्हते.

सगळी मांडणी त्या अक्षरावर उभी होती. आखातातल्या अल क्वोज भागात, कामगारांच्या वस्तीलगत, स्वस्त गेमिंगचे दालन निघायचे होते. वेगळी ग्राफिक्स कार्डे परवडणारी नव्हती. म्हणून ज्याच्या पोटातच चित्र उमटवणारा भाग असतो, असा जी अक्षराचा प्रोसेसर सॅव्हियोनेच सुचवला होता. आता समोर होते ते स्वप्न न पडणारे चाळीस मेंदू, सगळ्यांची सीले फोडलेली, म्हणजे परत न घेतले जाणारे. माल उतरवून घेताना त्याने ते मोजले होते, वाचले नव्हते.

ऑर्डर त्यानेच व्हॉइस नोटवर दिलेली. मॅनेजर शैलेंद्रने ती टेबलावर वाजवली.

“सलाम खैरुद्दीन भाई जी. चालीस पीस चाहिए जी. छप्पन सौ जी. यल्ला, जल्दी करना जी.”

“सर, मी जी म्हटलंय.”

“चार वेळा म्हटलंयस. त्यातला प्रोसेसरचा कुठला?” शैलेंद्र हसला नाही. “तुझ्या अदबीने चाळीस जीव घेतले, सॅव्हियो.”

वसईहून आला तेव्हा त्याचे हिंदी खडबडीत होते. ते कुणाला बोचू नये म्हणून प्रत्येक वाक्याच्या टोकाला हा मऊ शब्द लावायची सवय त्याने स्वतःला लावून घेतली होती.

पुरवठादाराकडचा विक्रेता खैरुद्दीन फोनवर इतकेच म्हणाला, “मैं समझा, आप इज़्ज़त दे रहे हैं.”

फोन ठेवल्यावर शैलेंद्रने एक कागद पुढे सरकवला. “ऑर्डर क्लिअर होती, चूक त्यांच्या माणसाची, एवढं लिहून दे. त्यांच्या मालकाकडून मी रिप्लेसमेंट काढतो. नाहीतर चूक तुझी. मग एचआरला तुझा व्हिसा कॅन्सल करायला सांगावं लागेल.”

“खैरुद्दीनचं काय होईल?”

“ते त्याचा मालक बघेल. उद्या सकाळपर्यंत सांग.”

घरी तिघे जेवायला बसले. बायको रोशेलचा आणि मुलगी अ‍ॅशलेचा व्हिसा त्याच्याच व्हिसाला टांगलेला.

“अ‍ॅशले, वसईच्या शाळेत जाशील?”

“डॅड, आय हॅव बोर्ड्स इन फेब्रुअरी. डोन्ट जोक.” तिने मान वर केली नाही.

रोशेलच्या हातातला डाव मात्र वाटीवर तसाच थांबला. तिने काही विचारले नाही. त्या न विचारण्यात तिला सारे कळले असल्याचे त्याला दिसले, आणि ती त्याला कोणत्या बाजूला ढकलते आहे, तेही.

सकाळी त्याने सही केली.

नवव्या दिवशी बदली माल आला. घेऊन येणारा माणूस अनोळखी होता.

“खैरुद्दीन भाई?”

“उसका वीज़ा खलास. परसों भेज दिया, गाँव.” माणसाने पावती पुढे केली. “साइन कर दो, गाड़ी गलत जगह खड़ी है.”

सॅव्हियोने सही केली. दुपारी पहिला पडदा उजळला. चाचणीच्या खेळात अमर्याद हिरव्या माळावर एक माणूस पाठमोरा उभा होता. कुणी चालवीपर्यंत तो असाच उभा राहणार होता.

“बघ, झालं ना?” शैलेंद्र त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाला.

“हो, सर.”

त्याने पडदा बंद केला आणि दुसरे खोके ओढून घेतले. अजून एकोणचाळीस होती.