सहाव्या बोटाचा मुकादम

मी मुकादम बोलतोय. कुठल्या कारखान्यातला नव्हे, तुमच्याच अंगातला. गोड बोलणं मला जमणार नाही, आधीच सांगतो. तुम्हा माणसांचा मला मनापासून राग आहे. तो का, ते ऐका.

जनुक म्हणजे कामगार. तुमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हे सगळे कामगार हजर असतात. पण कुणी, कुठं आणि कधी हात चालवायचा, हे त्यांना ठाऊक नसतं. ते आम्ही मुकादम सांगतो. माझा कामगार मेंदूत राबतो, मणक्यातही राबतो, पण हाताच्या कामावर त्याला मी लावतो. आईच्या पोटात हात अजून कळीएवढा असताना त्याला करंगळीच्या बाजूला उभं करायचं आणि बोटांची आखणी झाली की घरी पाठवायचं, एवढीच माझी नोकरी.

आमचं घराणं फार जुनं, माशांच्या परांपासून कामावर असलेलं. सापांच्या पूर्वजांमध्ये आमचा मुकादम बिघडत गेला आणि त्यांचे पाय गेले. कामगार मात्र तिथं अजून धडधाकट आहे.

आम्ही मुकादम म्हणजे डीएनएमधला अक्षरांचा मजकूर, आणि माझ्यातही एक अक्षर चुकलंय. त्यामुळं मी त्या कामगाराला अंगठ्याच्या बाजूलाही हाक मारतो आणि तिथं एक जादा बोट फुटतं. कधी कधी मी नुसता गप्पही बसतो.

मी जिच्या अंगात राहतो, त्या तानाबाईच्या उजव्या हाताला मी जन्मतःच फुटलो होतो. तिच्या आईनं त्या बोटाला घोड्याचा केस आवळून बांधला. बोट काळं पडून गळलं, अंगठ्याशेजारी वण राहिला. पुढं जन्मभर तानाबाई सांगत आली, खुरपं लागलं म्हणून. तिच्या मुलात, सर्जेरावात, मी गप्प बसलो. तो शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरायचा आणि त्याच्या हाताकडं कुणी दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

पंच्याण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण लागलं. सर्जेरावची बायको सुरेखा तेव्हा नुकतीच गरोदर होती आणि भूक लागली म्हणून तिनं विळीवर कांदा चिरला. पुढं मुलगी झाली. उजव्या हाताला सहा बोटं.

"गिराणात इळी धरलीस, भोग आता!" तानाबाईनं सगळी गल्ली गोळा केली.

सुरेखाही काही कमी नव्हती. "चिरल्यावर कमी व्हतंय आत्ती, जास्त कसं व्हईल?"

तानाबाई जास्तच भडकली. तिनं घोड्याचा केस मागवला. सुरेखानं लेकीला पदराखाली घेतलं आणि गडमुडशिंगीचं माहेर गाठलं. तिला आणायला कुणी गेलं नाही. काडीमोड झाला. सर्जेरावनं रूपालीशी दुसरं लग्न केलं आणि उंबऱ्यावर नव्या सुनेला कुंकू लावलं ते तानाबाईनंच, त्याच उजव्या हातानं. मी त्याच हातात होतो. मला तोंड असतं तर मांडवात ओरडलो असतो.

नव्व्याण्णवच्या ऑगस्टात पुन्हा ग्रहण आलं, तेव्हा रूपालीला दिवस गेले होते. तानाबाईनं तिला मागच्या खोलीत कोंडलं. पाणी नाही, विळी नाही, खाजवायचंसुद्धा नाही. अरे, मला आत सूर्य दिसत नाही की चंद्र! मी माझं काम केलं. मुलगा झाला, आणि या खेपेला दोन्ही हातांना सहा-सहा बोटं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

"हिच्या म्हायारचं खूळ हाय," म्हणत तानाबाईनं पुन्हा केस मागवला.

रूपालीनं बाळ उचललं आणि थेट सुरेखाचं दार गाठलं.

"माझ्या जागेवर बसलीस की! आता हितं काय?" सुरेखा दारातून हलली नाही.

रूपालीनं दुपटं बाजूला केलं. सुरेखाची लेक पुढं आली आणि तिनं आपला हात बाळाच्या हाताशेजारी ठेवला. सुरेखानं अंगठ्याशेजारची ती जादा बोटं निरखली. राग गेला नव्हता, पण आता तो दुसरीकडं वळला होता.

"आत्तीचा उजवा अंगठा बघितलाईस कवा?"

"खुरपं लागलंय न्हवं त्यांस्नी?"

"खुरप्याचा वण लांबडा असतोय. त्यो गोल हाय. आन् बराबर ह्याच जाग्यावर हाय. नांदताना चार वर्सं रोज बघत हुते गं, मलाबी आत्ता कळलं."

रूपाली घरी परतली तेव्हा तानाबाई केस घेऊन ओसरीवर बसली होती. शेजारणी जमल्या होत्या, सर्जेराव खांबाला टेकून उभा होता. रूपालीनं बाळ सासूच्या मांडीवर दिलं, त्याचा हात त्या वणाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आत्ती, तुमच्या येळला कुठलं गिराण हुतं?"

तानाबाईनं वणावर पदर ओढला. सर्जेराव आपलीच बोटं बघत बसला. घोड्याचा केस रूपालीनं चुलीत टाकला.

सुरेखा नांदायला परत आली नाही. सर्जेराव दोनदा हात जोडायला गेला, तिनं पाणीही विचारलं नाही. बरं केलं.

मी आता दोन घरांत राहतो. ती पोर सहा बोटांनी झकास लिहिते. माझ्यासारखा एखादा तुमच्याही अंगात गप्प बसला असेल. उद्या त्याच्यापायी सून हाकलावीशी वाटली तर हाकला, तुम्हाला कोण अडवणार! पण आमचं नाव घेऊन हाकला. त्या सूर्याला मध्ये ओढू नका.