यावा नावाची फाइल

केटा गावात गुरुवारी जन्मलेल्या मुलीचं नाव यावाच ठेवतात, त्यामुळे दर गल्लीत चार-पाच यावा सापडतात. फोटोवाल्या सेन्योला हे ठाऊक होतं. तरी कम्प्युटरवर फोटो ठेवताना तो फक्त पहिलं नाव टाइप करायचा. "या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?" असं यंत्रानं विचारलं, की न वाचताच 'हो' दाबून मोकळा.

जाळी विणणारी म्हातारी यावा वारली, तेव्हा तिचा मुलगा सेलासी आला. "आईनं नाताळात तुझ्याकडे फोटो काढला होता. तोच श्रद्धांजलीच्या पोस्टरवर घाल."

सेन्योनं 'यावा' उघडली. विग, चष्मा, पावडर लावलेली कोणीतरी वयस्क बाई दिसली. त्यानं पोस्टरं छापली आणि मदत म्हणून स्वतःच बसथांब्यापर्यंत चिकटवून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाक्यावर केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि मासे विकणारी यावा दारात उभी. काखेत फाडून आणलेलं पोस्टर.

"काय रे, मी मेले कधी?"

सेन्यो तिच्याकडे बघतच राहिला. विग नाही, डोक्याला फडकं बांधलेलं, त्यामुळे फोटोतली बाई हीच, हे ओळखूच येत नव्हतं. पासपोर्टचा फोटो काढायला आली होती ती, गेल्याच महिन्यात.

"मावशी, चूक झाली..."

"सकाळपासून तिघं रडून गेले. एकीनं तर माझ्याच हातचा मासा खात गळा काढला! ते जाऊ दे. पण वय ब्याऐंशी? मेल्या, मी एकसष्टची आहे! ब्याऐंशीची दिसते का मी?"

"नाही हो, मावशी. पन्नाशीच्या दिसता."

"आता बोलतोस!"

तेवढ्यात सेलासीही पोस्टर घेऊन आत आला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मग माझी आई कुठंय?"

सेन्योनं सगळं धुंडाळलं. म्हातारीचा फोटो पुसला गेला होता, आणि सेलासीच्या घरात दुसरा नव्हता.

केंकीवाल्या यावानं टोपलं खाली ठेवलं. "सरक. आहेत नाहीत तेवढे सगळे दाखव."

दुपार होईपर्यंत ती पडद्याला नाक लावून बसली. "हा माझा दीर. ही घर सोडून गेली होती, परत आली वाटतं! हा कोण टकल्या? अगंबाई, पाद्री!" कुठल्याशा बारशाच्या फोटोपाशी ती थांबली. "थांब. मागे बघ, भिंतीजवळ."

सेन्योनं फोटो मोठा केला. भिंतीला टेकून म्हातारी यावा उभी होती. हातात तळलेला मासा, दोन्ही गाल फुगलेले, आणि डोळे मिटून खदाखदा हसत होती.

सेलासी हसला आणि मग त्याला हसताहसताच रडू फुटलं. "हाच घाल."

"अरे, तोंडात घास आहे," सेन्यो म्हणाला.

"कधी नव्हता?"

शनिवारी अंत्यविधीला केंकीवाली यावा सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांत हजर झाली. मांडवात शिरताच एका म्हाताऱ्याच्या हातातली काठी गळाली आणि दोन बायकांनी देवाचा धावा सुरू केला.

"रडताय काय? मला भूक लागलीय," असं म्हणून ती पहिल्या पंगतीला जाऊन बसली.