माझी चाकं झिजली, मी नाही

मित्रांनो, मी वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतली एक जुनी, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. मला जुनी म्हणा, जड म्हणा, पण भंगार म्हणू नका. ते मी ऐकून घेत नाही.

१९९४ साली श्रावणरावांनी घर बांधलं, तेव्हा मला समोरच्या खोलीत बसवलं. माझ्या काचा जाड, पल्ले वजनदार. पण प्रत्येक पल्ल्याखाली छोटी चाकं होती, त्यांच्यावर मी सर्रकन धावत असे. शेजारीपाजारी कौतुकानं मला सरकवून बघायचे. पुढे श्रावणरावांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी त्या खोलीत मुलींसाठी शिवणवर्ग काढला. कित्येक वर्षं मी त्यांना वारा आणि उजेड पुरवला.

माझ्या चाकांकडे मात्र कुणी पाहिलं नाही. रुळात धूळ साचली, कापडाचे दोरे चाकांना गुंडाळले गेले, चाकं घासून चपटी झाली. मी करकरू लागले. अखेर २००६ च्या मे महिन्यात बंद झाले ती उघडलेच नाही. कूलर चालू होता, पण हवा बाहेर जायला वाट नव्हती. खोलीत दमट वाफ कोंडली आणि रक्षा नावाची मुलगी चक्कर येऊन मशीनवरच पडली.

तिला पाणी पाजून बाहेर बसवल्यावर श्रावणरावांनी मला जोर लावून ओढलं. मी हलले नाही. त्यांनी लाथ घातली.

“देऊन टाकतो हिले भंगारात! इथं इटा लावून भिंत करू. अन् वर्ग बंद कर आता. पोरीच्या जिवाले काही झालं असतं तं?”

ते घाबरले होते, हे मला कळत होतं. तरी ती लाथ झोंबली.

“चाकं झिजले जी, खिडकी नाई झिजली,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “वर्ग बंद नाई होणार.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि रक्षानं माझा पल्ला वर उचलला, खालची बाजू पुढे घेतली आणि अलगद बाहेर काढला. गंजलेले स्क्रू सोडवले, रूळ खरवडून साफ केला, बाजारातून आणलेली प्लास्टिकची चाकं बसवली. माझ्या वजनाखाली ती तासाभरात पिचली.

“पाह्यलं?” श्रावणराव म्हणाले.

प्रमिलाबाईंनी झिजलेलं चाक पिशवीत टाकलं, पुन्हा बाजार गाठला आणि त्याच मापाची लोखंडी चाकं घेऊन आल्या. ती बसवून त्या पल्ला परत रुळावर ठेवायला उचलत होत्या, तेवढ्यात श्रावणरावांनी बोलावलेला भंगारवाला दारात आला.

श्रावणराव क्षणभर बायकोच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग भंगारवाल्याला म्हणाले, “जा भाऊ, नाई द्याची खिडकी.” आणि पल्ल्याची दुसरी बाजू त्यांनीच धरली.

रक्षानं एका बोटानं मला ढकललं. मी टोकापर्यंत धावले.

मित्रांनो, काही अडलं तर लाथ घालू नका. वाकून बघा. धूळ झाडा, दोरे काढा, झिजलं असेल तेवढंच बदला. एवढं करूनही जी वस्तू चालणार नाही, ती खुशाल भंगारात द्या.

मी चालते.