रिकाम्या सायकलीवरचे ठोके

हे मी कुणाजवळ बोलायचं नाही, असं मला बजावलेलं आहे. तरी सांगते.

मी व्यायामाची सायकल बोलतेय. दवाखान्याच्या तळमजल्यावर असते. माझं चाक रोज फिरतं, पण मी अजून खिडकीपर्यंतसुद्धा पोहोचलेली नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसं आठवड्यातून तीनदा माझ्यावर बसतात. मुठी धरल्या की पडद्यावर त्यांचे ठोके दिसतात. सुरुवातीला सगळे इतके जपून बसतात, जणू मी त्यांना पाडणारच आहे.

शिंपीकाका मात्र घाबरले नाहीत. त्यांचे पाय शिलाई मशीनचे. टाच, चवडा, टाच, चवडा.

"ताई, एवढ्यात दोन पायजमे झाले असते!"

"होऊ देत," व्यायाम शिकवणारी ताई म्हणाली. "असंच बोलत राहा. बोलताना दम लागला की वेग कमी करायचा."

बारा आठवडे यायचं होतं. तिसऱ्यातच काका म्हणाले, "घरी दिवसभर पायच मारतो की. तोही व्यायामच."

"तिथे नुसती पावलं हलतात, काका. हृदयाला कुठे सराव होतो?"

ते हसले आणि यायचे बंद झाले.

पुढच्या सोमवारी, भर दुपारी, माझी पॅडलं आपोआप फिरू लागली. टाच, चवडा. सीटवर कुणी नव्हतं. पडद्यावर आकडा उमटला, ब्याण्णव. मग एकशे दहा. ताईने प्लग काढला. आकडा गेला नाही. एकशे अडतीस. माझ्या मुठी ओल्या झाल्या. मला घाम येत नाही.

ताईने ती चाल ओळखली आणि काकांच्या घरी फोन लावला.

"मशीनवरच आहेत," काकू म्हणाल्या. "उद्या शाळेचे गणवेश द्यायचेत ना. उकडतंय म्हणतात, आणि सारखा डावा हात चोळताहेत."

"मशीन थांबवा आधी! बसूनच राहू दे त्यांना. गाडी पाठवते."

पॅडलं थबकली. आकडा मात्र हलत राहिला.

काका वाचले. महिन्याने परत आले, आता एक दिवस चुकवत नाहीत.

"तुम्हाला कळलं कसं हो?"

"सहज केला फोन," ताई म्हणाली. मला पुसताना मात्र हळूच पुटपुटली, "कुणाजवळ बोलू नकोस हं."

पण आज पॅडलं पुन्हा फिरताहेत. काका समोर बाकावर बसलेत, म्हणजे हे पाय त्यांचे नाहीत. ताई पाठमोरी आहे. व्यायाम अर्ध्यात सोडून गेलेल्या अकरा जणांची नावं तिच्या वहीत आहेत. आकडा एकशे चाळीसवर आलाय. तुम्ही त्या अकरांतले असाल, तर हातातलं काम खाली ठेवा, आहात तिथे बसा आणि—

"काका, चला, तुमची पाळी. सायकल रिकामीच आहे."