फडताळातला साठचा बल्ब

आनंदाबाईच्या हाताला दह्याचा गुण आहे, हे सिंदी रेल्वे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पौषातल्या थंडीत भल्याभल्यांचं दूध सकाळपर्यंत दूधच राहायचं, हिचं दही मात्र सुरीनं कापावं असं लागायचं. शेजारच्या प्रमिलाबाई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या की आनंदाबाई आधी थोडा भाव खायची. का नाही खाणार? चाळीस वर्षांचं नाव होतं.

अन् यंदा, दोन हजार पाचच्या पौषात, दही लागेचना. विरजण बदललं, म्हशीचं दूध आणलं, भांडं गोधडीत गुंडाळलं. सकाळी पाहावं तर पांचट पाणी. उद्या तिच्या नवऱ्याचं, अण्णाजींचं वर्षश्राद्ध, आणि दह्याशिवाय त्या माणसाच्या घशाखाली कधी घास उतरला नव्हता. त्यांच्या पानात विकतचं दही वाढायचं?

"गेला बाई माह्या हाताचा गुण," ती सुनेला, काजलला म्हणाली. तिला रडूच आलं.

काजल फडताळातून भांडं काढत होती. "आई, फडताळच गार हाय. मागच्या साली हात घातला की ऊब लागे."

आनंदाबाईनं आत पाहिलं. तिथं रजतनं दिवाळीत बसवलेला पांढरा सीएफएल होता. लेकानं घरातले सगळे पिवळे बल्ब काढले होते. मीटर किती हळू फिरतं ते गल्लीभर दाखवून आला होता. त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

पण तिथला आधीचा, हाताला चटका देणारा साठ वॅटचा पिवळा बल्ब अण्णाजींनी लावला होता. हिवाळ्यात तिनं विरजण लावून फडताळ बंद केलं की ते मुकाट्यानं बटण दाबायचे.

"बल्ब काऊन जाळून राह्यले?" ती करवादायची.

"झुरळं भेतात उजेडाले," म्हणायचे, अन् पेपरात तोंड खुपसायचे. ते गेल्यावरही सवयीनं तीच तो लावत होती. झुरळं काही कमी झाली नव्हती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"रजत, तो साठचा बल्ब आन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दही लागलं. तिनं अण्णाजींच्या फोटोपुढं पान वाढलं. जेवायला आलेल्या प्रमिलाबाईंनी बोट चाटलं. "तुमच्या हाताचा गुण कुठी जात नाई पाहा."

आनंदाबाईनं फोटोकडे पाहिलं.

"माह्या हाताचा नाई," ती म्हणाली, "ह्यायच्या हाताचा. चाळीस वर्सं बोलले नाईत."