चिन म्याचा गुडघा

मंडालेजवळच्या सगाईंग टेकडीवरच्या ध्यानकेंद्रात पाऊल ठेवल्याबरोबर चिन म्याने आधी धाकट्या बहिणीचे कान बघून घेतले. कान मोकळे होते. तसे तिथे सगळ्याच बायकांचे कान मोकळे होते, कारण अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत, घेतलं की अंगावर दागिना ठेवायचा नाही असा नियमच आहे. पण चिन म्याला नियम सांगून काय उपयोग? ‘घरूनच काढून आली,’ ती मनात म्हणाली, ‘मला दिसायला नकोत म्हणून.’

आईच्या माणकाच्या कुड्या गेल्या वर्षी नाहीशा झाल्या. आई गेल्यानंतरचा सातवा दिवस, भिक्खूंना भोजन, घर माणसांनी भरलेलं. संध्याकाळी आईचा पानाचा डबा उघडला तर आत नुसती सुपारी. त्या दिवशी आईच्या खोलीत तिघीच गेल्या होत्या. चिन म्या स्वतः, धाकटी त्वे यी, आणि सगळ्यांना चहा देत फिरणारी भावजय मा शान. मा शान बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग राहिलं कोण? मंडालेच्या बाजारात चाळीस वर्षं लुंगीची कापडं विकलेल्या बाईला हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

तोंडावर मात्र तिने त्वेला कधी विचारलं नाही. वर्षभर आतल्या आत कुढत राहिली. झोप उडाली, रक्तदाब चढला, डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि वर म्हणाले, दहा दिवस ध्यानाला बसून या. एरवी ती गेलीही नसती. पण त्वे शाळेतून निवृत्त झाली होती आणि पुढच्या महिन्यात कायमची तिच्याकडे राहायला येणार होती. दोघींनाही ना नवरा, ना मूल. म्हातारपणी एकमेकींना धरून राहू, असा आईला शब्द दिलेला. आता चोराला घरात घ्यायचं, की दार लावून उरलेलं आयुष्य एकटीने काढायचं, हे चिन म्याला या दहा दिवसांत ठरवायचं होतं. त्यात त्वे म्हणाली, “ताई, मीही येते तुझ्याबरोबर,” आणि चिन म्याची खात्रीच पटली. मन साफ असलेलं माणूस कशाला ध्यानाला येईल?

केंद्रात मौन. बोलायचं नाही, नजर जमिनीवर ठेवायची, श्वासाबरोबर पोट फुगतंय-ओसरतंय तेवढं बघायचं. चिन म्याने पोट सोडून बाकी सगळं बघितलं. त्वेची चटई तिच्या शेजारीच होती. दुसऱ्या दिवशी तिला दिसलं की त्वेच्या पोलक्यात एक कापडी पुरचुंडी खोचलेली आहे. बसताना त्वे ती चाचपते, उठताना चाचपते. जेवण दुपारी बाराच्या आत उरकलं की ती झाडामागे जाते आणि पुरचुंडी चाचपत परत येते. कुड्या इथेच घेऊन आली की काय ही?

तिसऱ्या दिवशी सयाडोंना अहवाल द्यायचा होता. सयाडो म्हणजे केंद्राचे मुख्य भिक्खू, सत्तरीचे, हातात ताडपत्राचा पंखा.

“काय काय दिसलं?” त्यांनी विचारलं.

“भन्ते, माझी बहीण सारखी पुरचुंडी चाचपते. चालण्याच्या ध्यानात मुद्दाम माझ्या मागून चालते. काल वरणभात वाढताना माझी नजर चुकवली.”

“तुमच्या मनात काय दिसलं, असं विचारलं मी. तुम्ही तर बहिणीचा अहवाल घेऊन आलात.”

मागे बसलेली एक बाई खुदकन हसली. चिन म्याचे कान तापले.

“भन्ते, माझ्या मनात संशय येतो. पण तो खरा आहे.”

“खरा की खोटा, ते राहू द्या. आला की त्याला नाव द्या. संशय, संशय, संशय. आणि कधी येतो तेवढं बघा. त्याला हाकलूही नका आणि पाटावर बसवून जेवूही घालू नका.”

चिन म्या नमस्कार करून उठली ती धुसफुसतच. गेल्या वर्षी त्वेने इथल्या भिक्खूंना चीवरं दान केली होती, हे तिला आठवलं. म्हणजे हे म्हातारेबुवाही तिच्याच बाजूचे! मग तिलाच ऐकू आलं, आपण काय म्हणालो ते. संशय, संशय. पहिल्यांदाच नाव दिलं, आणि तेही भिक्खूवरच्या संशयाला. तिची तिलाच लाज वाटली.

पुढचे तीन दिवस तिने खरोखर बघितलं. आणि सहाव्या दिवशी सकाळच्या बैठकीत तिला जे दिसलं, ते चाळीस वर्षांच्या दुकानदारीत कधी दिसलं नव्हतं. बैठक सुरू झाली की पहिला अर्धा तास त्वे तिची बहीण असायची. मग उजवा गुडघा ठणकायला लागायचा, आणि ठणका मांडीपर्यंत पोचला की त्वे चोर व्हायची. घंटा वाजायची, पाय मोकळा व्हायचा, आणि चोर पुन्हा बहीण व्हायची. पाच बैठका तिने हेच तपासलं. आधी दुखणं, मागून संशय. पुरावा त्याच्याही मागून, धापा टाकत.

मग गेलं वर्षभर काय झालं? आई गेल्याचं दुःख तिने एकदाही धड रडून घेतलं नव्हतं. त्याऐवजी तिने कुड्या धरून ठेवल्या होत्या. चटईवर बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांतून धार लागली. रडू, रडू, रडू, असं ती नाव देत राहिली, पण नाव देऊन काही ते थांबलं नाही.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. रिवाजाप्रमाणे लहानांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकून क्षमा मागायची. त्वेने तीनदा डोकं टेकलं. “कायेने, वाचेने, मनाने, कळत-नकळत तुझा अपराध झाला असेल, ताई, तर मला क्षमा कर.” म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

हे तर सगळेच म्हणतात. पण रडतं कोण? कबुलीच ही! चिन म्याच्या मनाने झडप घातली, आणि तिने ती घालताना बघितली. संशय. मग तिने वर्षभर जे केलं नव्हतं ते केलं.

“त्वे, आईच्या कुड्या तुझ्याकडे आहेत?”

त्वेने डोकं वर केलं. “माझ्याकडे? अगं, तुझ्याकडे आहेत ना?”

“माझ्याकडे?”

“तूच घेतल्यास असं वाटत होतं मला. मी विचारणार नव्हते. एका घरात राहायचं तर आधी तुला मनापासून माफ करावं, म्हणून तर इथे दहा दिवस मांडी मोडून बसले!”

चिन म्याला हे एखाद्या थपडेसारखं लागलं. आपल्यावरही कुणी संशय घेऊ शकेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“मी? मी चोर?”

“मग मी कोण होते वर्षभर?” त्वे म्हणाली.

चिन म्याने खाली वाकून, थोरली असूनही, धाकटीच्या हातांवर कपाळ टेकलं. आजूबाजूच्या बायका बघत राहिल्या.

“पुरचुंडीत काय आहे गं?” मान वर करून तिने विचारलं.

त्वेने चोरट्यासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि पुरचुंडी उघडली. तळलेले वाल. “बारानंतर खायचं नाही, पण भूक लागायची. शील मोडलं माझं. सयाडोंना सांगू नकोस.”

दोघी पोट धरधरून हसल्या. त्वेचं सामान येत्या रविवारीच आणायचं ठरलं, महिनाभर कशाला थांबायचं!

टेकडीच्या तीनशे पायऱ्या उतरताना चिन म्याचा गुडघा पुन्हा ठणकायला लागला. खाली गाडीपाशी न्यायला आलेली मा शान उभी होती, नेहमीसारखी गप्प, हातात डबा, दोघींसाठी माशाच्या रश्श्यातल्या शेवयांचा गरम मोहिंगा. ती हसली आणि पुढे आली.

दोन्ही बहिणींनी आधी तिच्या कानांकडे बघितलं.