तालमीतला तवा

गेल्या नागपंचमीला बिरूचं काय झालं, हे दापोडीत कुणी कुणाला विचारत नसे, कारण सगळ्यांनी ते पाहिलं होतं. खरं म्हणजे पाहायला वेळच मिळाला नव्हता. चाकणचा चिमाजी आखाड्यात उतरला, सलामी झाली, आणि लोक बसायला गोणपाट अंथरतात न अंथरतात तोच बिरू पाठीवर पडून आभाळ बघत होता. मागच्या रांगेतल्या एकानं तर "सुरू झाली का?" असं विचारलं. ते तीन शब्द वर्षभर बिरूच्या मानगुटीवर बसले. कारखान्यात त्यानं जेवणाचा डबा उघडला तरी कुणीतरी हळूच म्हणायचं, "सुरू झाली का?"

दौलतराव वस्ताद हसले नव्हते. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो, हसणार कसा? रेल्वेलाइनीला लागून असलेल्या कामगारांच्या गल्लीत त्यांची तालीम होती. आत मारुतीचा कोनाडा आणि कोनाड्याशेजारी एक सागवानी खुंटी. कुस्ती सोडणाऱ्यानं आपला लंगोट त्या खुंटीला टांगायचा आणि मारुतीला हात जोडून बाहेर पडायचं, अशी तालमीची रीत. वस्तादांनी त्या खुंटीकडे बोट दाखवून सांगून टाकलं, "बिऱ्या, यंदा परत चिमाजीशीच धरतोय तुझी कुस्ती. पाठ लागली तर लंगोट त्या खुंटीला. मग तू मोकळा आन् आमीबी मोकळं."

बिरूनं खुंटीकडे पाहिलं. माण तालुक्यातली मेंढरं सोडून तो पोटासाठी इकडे आला होता. कारखान्यात तो घण चांगला चालवायचा, पण घण मारताना त्याला कधी गाणं सुचलं नाही. तांबड्या मातीत पाय टाकला की सुचायचं. ती माती गेली तर या परमुलखात आपलं काय उरलं, असं त्याला वाटे.

गल्लीनंही वर्गणी काढून तालमीला म्हैस घेतली होती. साताऱ्याकडचे, नगरकडचे, कोकणातले, सगळे एका म्हशीत भागीदार झाले. तिचं दोन्ही वेळचं दूध बिरूचं, वर कुटलेले बदाम. तालमीबाहेर खुराकाचा थेंब जाता कामा नये, असा वस्तादांचा हुकूम. बिरू फुगत चालला, दंड भरले, आणि गल्ली पोटच्या पोराकडे बघावं तशी त्याच्याकडे बघू लागली.

मग एकोणीसशे सत्तावन्नचा आषाढ लागला आणि त्याच्याबरोबर ताप आला. मुंबईत बोटीतून उतरला म्हणे, आणि रेल्वेच्या रुळांवरून इकडे. पेपरात त्याला फ्लू म्हणत. अंग मोडून यायचं, डोकं फुटायचं, आणि घरातलं एक माणूस पडलं की दुसऱ्या दिवशी सगळं घर पडायचं. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर सायकलवरून येऊन गेले. हाताशी पिंपरीला पेनिसिलिनचा एवढा मोठा कारखाना, पण या तापापुढे ते औषध चालत नाही, असं त्यांनी सांगितल्यावर लोकांची पाचावर धारण बसली. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. उकळलेलं पाणी भरपूर प्या, पेज घ्या, पडून राहा. शुश्रूषा हेच औषध." सांगायला सोपं होतं. शुश्रूषा करणाऱ्या बायकाच अंथरुणावर होत्या.

एका सकाळी बिरू जोर काढून घाम पुसत बाहेर आला आणि दारातच थबकला. गल्लीतल्या एकाही कौलातून धूर निघत नव्हता.

तालमीच्या भिंतीला भिंत लावून ठकुबाई म्हातारीची खोली होती. ती एकटीच, सत्तरीची, आणि ताप तिच्या वाटेला जायला धजला नव्हता. ती उंबऱ्यात बसून त्याच रिकाम्या कौलांकडे बघत होती.

"आजे, चुली का गं बंद सगळ्या?" बिरूनं विचारलं.

"पेटवायला उभं कोन हाय?" ठकुबाई म्हणाली. "मी अठरा सालची मानमोडी बघितलीय, पोरा. ह्योच ताप, पर लई वंगाळ. माझं दोन दीर आन् जाऊ गेली त्यात. लोक म्हंत्यात तापानं गेली. मी सांगते, तहानंनं गेली. समदं घर आडवं, पानी द्यायला कुनी न्हाई. मीबी पडल्याली. जाऊबाई पानी मागत व्हती ते ऐकू येत व्हतं मला."

बिरूनं तिचा रिकामा माठ पाहिला. तो घागर घेऊन नळावर गेला. ठकुबाईच्या माठात पाणी ओतून परतताना पलीकडच्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं. आत गवराबाई, तिचा नवरा आणि तीन पोरं, एका वाकळेवर पाच जणं. चूल थंडगार.

"वैनी, मी पेज करू?" असं तो विचारून बसला. पेज कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं पातेलंभर तांदूळ आणि तांब्याभर पाणी चुलीवर चढवलं. थोड्या वेळानं त्यातून जे निघालं, त्यानं भिंतीची भोकं बुजवता आली असती. रोगापेक्षा इलाज भयंकर! गवराबाईनं एका डोळ्यानं ते पाहिलं आणि तापातही तिला हसू आलं.

"भावजी, तुमी कुस्तीच करा," ती म्हणाली.

तिचं ते हसू बघून बिरूला इतकं बरं वाटलं की तो तडक तालमीत गेला आणि आपल्या खुराकाची दुधाची चरवी उचलून घेऊन आला. दूध तापवलं, पाच वाट्या भरल्या. उरलं ते पुढच्या खोलीत, तिथून पुढे. चरवी रिकामी झाली तेव्हा अर्धी गल्ली राहिली होती. मग त्यानं बदामही वाटले.

संध्याकाळी वस्तादांचा आवाज लाइनीपलीकडे ऐकू गेला. "माझ्या पैलवानाचा खुराक कुनी खाल्ला?"

"मीच दिला, वस्ताद." बिरू खाली मान घालून उभा.

"दिला? कुस्तीला म्हैना राहिला न्हाई, आन् खुराक वाटत सुटलास? चिमाजीला तिकडं तूप पाजत असतील! वर्गणी कशाला काढली गल्लीनं?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून ठकुबाई कडाडली. अख्ख्या दापोडीत दौलतरावांना अरेतुरे करणारी ती एकटीच. "दौलत्या! गल्लीनं काढली वर्गणी, गल्लीच्या पोटात गेली. त्यात तुझं काय गेलं? आन् मला एक सांग, समदी गल्ली आडवी पडली तर तुझी कुस्ती बघायला कोन येनार हाय? ती म्हैस?"

तालमीतले पठ्ठे जोर काढायचे थांबले. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते तरातरा निघून गेले. आता खुंटी काही नागपंचमीपर्यंत थांबत नाही, असं बिरूनं मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गल्लीला थाप ऐकू आली. थप, थप, थप. अंथरुणात पडलेल्यांना वाटलं, पोरं शड्डू ठोकताहेत. बिरू डोळे चोळत तालमीच्या अंगणात आला तर तीन दगडांची चूल पेटलेली, आणि दौलतराव वस्ताद परातीत ज्वारीची भाकरी थापत बसलेले. चांगली ताटाएवढी, चंद्रासारखी गोल. बिरूनं आ वासला.

"बघतोस काय?" वस्ताद गुरगुरले. "बायको गेल्यापास्नं स्वताच्या हातचं खातोय. पीठ मळ. उकळतं पानी घाल, थंड घातलंस तर तडा जाईल. आन् मातीसारखं तुडवू नगंस!"

त्या दिवसापासून तालमीचा नूरच पालटला. तोंडाला फडकं बांधून पठ्ठे जोडीजोडीनं दारोदार फिरू लागले. पाणी उकळायचं, पेज द्यायची, जे उठून बसले त्यांना भाकरी. गेनू नावाचा पठ्ठा अंगानं सगळ्यात दांडगा, पण त्याची भाकरी तव्यावर पडली की कुठल्या तरी संस्थानाचा नकाशा होई. "आज कुठलं संस्थान जेवायला?" असं गल्ली अंथरुणातून विचारू लागली. बिरूच्या भाकरीला मात्र चार दिवसांत पापुद्रा सुटला. पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा तो असा ओरडला की कुस्ती मारली असं वाटून वस्ताद धावत आले. म्हशीचं सगळं दूध पोरांना आणि बाळंतिणींना जाऊ लागलं. बिरू काळा चहा प्यायचा आणि गाणं म्हणत पिठाची परात उचलायचा.

हळूहळू कौलांतून धूर निघू लागला. गल्लीनं एकही माणूस तापाला दिलं नाही. यात दुधाचा वाटा किती आणि दैवाचा किती ते मारुती जाणे, पण तहानेनं कुणी मेलं नाही एवढं खरं.

आणि सगळे उठल्यावर, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा, बिरू पडला. नागपंचमी आठवड्यावर आलेली. भरलेले दंड उतरले, गालफडं बसली. गवराबाई त्याच्या उशाशी पेज घेऊन बसली. ही मात्र खरी पेज होती. ताप उतरला, तरी लाइनीवरच्या पुलाचा जिना चढताना त्याला धाप लागे.

वस्ताद म्हणाले, "चाकणला निरोप धाडतो. यंदा कुस्ती न्हाई."

"नगा, वस्ताद," बिरू म्हणाला. "गल्ली उठलीया न्हवं? आता कुस्ती बघायला मानसं हायती."

नागपंचमीला नदीकाठच्या मैदानात श्रावणाची भुरभुर चालली होती. चिमाजी तुपावर पोसलेल्या बैलासारखा उतरला. बिरूनं मातीत पाय टाकला आणि सभोवार पाहिलं. गेल्या साली तिथे नुसती गर्दी होती आणि तिला बघून त्याचे हातपाय गळाले होते. आता प्रत्येक तोंड ओळखीचं होतं. कुणाला पाणी पाजलेलं, कुणाची कूस बदललेली, कुणाचं पोर मांडीवर निजवलेलं. त्याची भीती कुठल्या कुठे पळाली.

त्यानं शड्डू ठोकला. थप!

"भावजी, कुस्ती करा, भाकरी नगा थापू!" गवराबाई ओरडली, आणि मैदान खदखदून हसलं. बिरूही हसला. चिमाजीला काही कळेना.

कुस्ती सुरू झाली आणि संपेचना. चिमाजीनं पट काढला, बिरू निसटला. ढाकेचा डाव टाकला, बिरू तोल सावरून उभा. लोक ओरडून ओरडून घसा बसवून घेऊ लागले. ठकुबाई तर काठी नाचवत होती. पण तापातून उठलेलं अंग ते, किती टिकणार? शेवटी बिरूचा दम संपला, चिमाजीनं उचलला आणि त्याची पाठ मातीला लागली.

आणि दापोडीनं हरलेल्या बिरूलाच खांद्यावर घेतलं. चिमाजी बक्षिसाचा फेटा हातात घेऊन बघत राहिला. "हितं हरल्याल्याला उचलत्यात व्हय?" त्यानं वस्तादांना विचारलं. वस्तादांनी त्याला फेटा बांधला आणि पाठ थोपटली.

खांद्यावर बसूनही बिरूला ती खुंटीच दिसत होती. शब्द तो शब्द. तालमीत आल्यावर तो आत गेला, लंगोट धुऊन पिळला, दोन्ही हातांत धरला आणि मारुतीला नमस्कार करून खुंटीकडे वळला.

खुंटीवर तवा होता. वापरून काळा झालेला, कडीला दोरी ओवलेला, एवढे दिवस अख्ख्या गल्लीला जेवू घातलेला तवा.

"वस्ताद," बिरू म्हणाला, "ह्यो तवा..."

"आज नागपंचमी," वस्ताद पाठमोरे राहूनच म्हणाले. "आज चुलीवर तवा ठेवत्यात का? टांगून ठेवलाय."

"मग लंगोट?"

"खुंटी रिकामी दिसती का तुला? एका खुंटीला दोन वस्तू मावत न्हाईत."

"उद्या तवा निघंल की, वस्ताद."

"न्हाई निघायचा. तालमीचा तवा हाय त्यो, त्याची जागा तीच. सकाळी पाचाला ये. तुझा पट लई कच्चा हाय."

बिरू ओला लंगोट छातीशी धरून तिथेच उभ्या उभ्या रडला आणि हसला. बाहेर पायरीवर कसला तरी खणखणाट होत होता. त्यानं डोकावून पाहिलं. वारुळाला जाऊन आलेल्या बायका एकेक करून येत होत्या आणि आपापली दुधाची वाटी तालमीच्या चरवीत रिकामी करत होत्या.

"नागोबाला ठेवलं का काही?" वस्तादांनी दारातून विचारलं.

"ठेवलं की चमचाभर," ठकुबाई म्हणाली. "त्याला कुठं कुस्ती करायचीय?"